आधी स्टेशन, मग शहर, मग आराखडा

मिरा-भाईंदरबद्दल एक साधा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहावा. तेथे रेल्वे, इमारती, नगरपालिका आणि विकास आराखडा ह्या चार गोष्टी कोणत्या क्रमाने आल्या असतील? शहर कसे वसते ह्याचे जे चित्र आपल्या मनात असते त्यात आधी आराखडा असतो, मग रस्ते, मग घरे आणि सर्वांत शेवटी त्या घरांतल्या माणसांसाठी रेल्वे किंवा बस. मिरा-भाईंदरचा क्रम जवळजवळ उलटा आहे. रूळ १८६४ साली आले. इमारतींची गर्दी त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी सुरू झाली. नगरपालिका १९८५ मध्ये स्थापन झाली आणि शहराचा पहिला विकास आराखडा मंजूर झाला तो १९९७ मध्ये. तोपर्यंत ज्याचा आराखडा करायचा ते शहर बरेचसे उभे राहिले होते.

हा इतिहास आज काढण्याचे कारण असे की नगररचनेच्या चर्चेत सध्या एका कल्पनेचा फार बोलबाला आहे. इंग्रजीत तिला ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, थोडक्यात टीओडी म्हणतात. आपण तिला स्थानककेंद्री विकास म्हणू. रेल्वे किंवा मेट्रोच्या स्थानकाभोवती चालत जाण्याच्या अंतरात दाट वस्ती करावी, तेथेच दुकाने, कचेऱ्या, शाळा असाव्यात, म्हणजे लोक खासगी वाहन न वापरता पायी आणि रेल्वेने फिरतील, असा तिचा सारांश. केंद्र सरकारने २०१७ मध्ये ह्या विषयावर राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात स्थानकापासून सुमारे ५०० ते ८०० मीटरचा प्रभावपट्टा धरलेला आहे. महाराष्ट्रात नागपूर आणि पुण्याच्या मेट्रोलगत रस्त्याची रुंदी व भूखंडाचा आकार पाहून चारपर्यंत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकाम, देण्याची तरतूद आहे.

दाट वस्ती, चालत जाण्याचे अंतर, रेल्वेवर अवलंबून असलेली माणसे. हे वर्णन वाचताना पश्चिम उपनगरी मार्गावरचा कोणीही प्रवासी म्हणेल की हे तर आमच्याकडे चाळीस वर्षे आहेच. मग मिरा-भाईंदर हा ह्या कल्पनेचा यशस्वी नमुना मानायचा की फसलेला? ह्या प्रश्नाचे उत्तर आपण मोजमाप काय धरतो ह्यावर ठरते, आणि ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मिठाच्या गावातून जाणारी गाडी

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, जिला जुनी माणसे बी.बी.सी.आय. म्हणत, ती मुंबईकडून गुजरातकडे गेली नाही. ती गुजरातकडून मुंबईकडे आली. सुरतेजवळ काम सुरू करून रूळ दक्षिणेकडे सरकत आले, वसईच्या खाडीवर पूल बांधले गेले आणि १८६४ च्या नोव्हेंबरात गाडी ग्रँट रोडला पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आले होते. कंपनीची नजर त्या कापसावर होती, भाईंदरच्या रहिवाशांवर नव्हती. १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी एक गाडी सुरू झाली. ती सकाळी विरारहून निघे आणि संध्याकाळी परते. दिवसाला एक गाडी! मुंबईच्या उपनगरी वाहतुकीची सुरुवात ती हीच.

त्या काळी रुळाच्या दोन्ही बाजूंना काय होते? खाडीकाठी मिठागरे, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भाताची खाजणे, उत्तनच्या बाजूला कोळीवाडे, डोंगराच्या पायथ्याशी आगरी व आदिवासी वस्त्या. मिठाचे आगर पिकवणारे ते आगरी, अशी त्या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. बांध हे येथील सर्वांत जुने नगररचनेचे काम म्हणावे लागेल. १८७० मध्ये सरकारने भाईंदर, मिरे, घोडबंदर भागातील मोठी जमीन एका व्यक्तीला ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. ह्या एका कागदातून निघालेले दावे स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके न्यायालयांत चालत राहिले. जमीन कोणाची, हा प्रश्न येथे स्टेशनाच्या जवळजवळ बरोबरीने जन्मला आहे हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

विजेची गाडी बोरिवलीपर्यंत १९२८ मध्ये आली आणि विरारपर्यंत १९३६ मध्ये. वाफेपेक्षा विजेची गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि म्हणूनच जवळजवळच्या स्टेशनांसाठी योग्य असते. तरीही भाईंदरला गर्दी झाली नाही. वाहतूक आली की शहर आपोआप वाढते, असे जे सरसकट विधान केले जाते त्याला भाईंदर हे चांगले उत्तर आहे. येथे स्टेशन एक शतकभर जवळजवळ शांत राहिले.

जमिनीचा भाव कोणाच्या खिशात

त्याच रुळावर, त्याच काळात, थोडे दक्षिणेला मात्र निराळे घडत होते. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दादर-माटुंग्याची आखणी केली. आधी रस्ते, गटारे, मैदाने आखली आणि मग भूखंड दिले. १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा झाला. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या भागातील सर्व मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या, आणि उरलेल्या जमिनीचे चौरस भूखंड करून त्याच मालकांना परत द्यायचे. प्रत्येकाची जमीन थोडी कमी होते, पण तिची किंमत वाढते. ह्या वाढीचा काही हिस्सा सुधारणेच्या खर्चासाठी वसूल केला जातो. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले येथे अशा योजना झाल्या. खारचे स्टेशन १९२४ मध्ये उघडले ते अशाच आखलेल्या वस्तीच्या दाराशी. आजही खारच्या नकाशावर सरळ रस्ते दिसतात त्यांचे कारण हे आहे.

जपानात आणि इंग्लंडात ह्याच सुमारास रेल्वे कंपन्यांनीच ही युक्ती आपल्या फायद्यासाठी वापरली. ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी ह्या गृहस्थाने १९१० मध्ये नवी विजेची रेल्वे सुरू केली आणि रुळालगत आधीच घेतलेल्या जमिनीवर घरे बांधून ती हप्त्यांनी विकली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ पासून आपल्या मार्गावरील गावांची ‘मेट्रोलँड’ ह्या नावाने जाहिरात केली आणि १९१९ मध्ये घरबांधणीसाठी जोडकंपनी काढली. रेल्वेमुळे जमिनीचा भाव वाढतो, मग तो वाढलेला भाव रेल्वेनेच का घेऊ नये, असा हा रोकडा विचार. पुढे हाँगकाँगच्या मेट्रोने तो फार मोठ्या प्रमाणावर अमलात आणला.

आता ह्या तीन रीती शेजारी ठेवून पाहू. खारला वाढीव किमतीचा काही भाग रस्त्या-गटारांत गेला. ओसाकाला तो रेल्वे कंपनीच्या तिजोरीत गेला. आणि मिरा-भाईंदरला?

१९७० ते १९९७

स्वातंत्र्यानंतर मुंबईत घर मिळणे कठीण होत गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याची घरे बांधण्यात कोणाला रस उरला नाही. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला, पण त्यामुळे जमीन खुली होण्याऐवजी बरीचशी कज्ज्यात अडकली. महानगरपालिकेची हद्द दहिसरला संपत होती. तिच्या पलीकडे पहिली दोन स्टेशने होती मिरा रोड आणि भाईंदर. हद्दीबाहेर जमीन स्वस्त होती, बांधकामाची परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायती होत्या, आणि गाडी तीच चर्चगेटची. गिरगाव, परळ, वांद्रे येथील एका खोलीत वाढलेली कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घराच्या आशेने इकडे आली. शांतीनगरसारख्या सेक्टरवार वसाहती मिरा रोडच्या पूर्वेला उठल्या त्या ह्याच काळात.

ग्रामपंचायतीकडे भाताचे गाव सांभाळण्याची यंत्रणा असते, चार-पाच मजली शहर सांभाळण्याची नसते. मुख्य रस्त्याची रुंदी, पावसाळी पाण्याचा निचरा, शाळांच्या जागा, मैदाने ह्यांचा विचार करणारे कोणी नव्हते. १२ जून १९८५ रोजी काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली. उरलेली गावे नंतर तिच्यात आली. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर गेली, म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट. २०११ मध्ये आठ लाखांवर. महानगरपालिका झाली २८ फेब्रुवारी २००२ रोजी. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, तेव्हा त्यानंतरचे सर्व आकडे अंदाजाचेच आहेत.

आराखडा १९९७ चा, हे वर आलेच आहे. आराखड्यात रस्त्यासाठी रेघ ओढली तरी जेथे इमारत उभी आहे तेथून ती रेघ जात नाही. वाढीव किंमत गेली ती जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक ह्यांच्याकडे. घर घेणाऱ्याने ती चुकती केली आणि पाणी, रस्ता, गटार ह्यांसाठी पुढे कर भरून पुन्हा वाट पाहिली. उल्हास नदीचे पाणी ‘स्टेम’ आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या जलवाहिन्यांतून लांबून आणावे लागते. सूर्या प्रकल्पातून दररोज २१८ दशलक्ष लिटरचा वाटा शहरासाठी ठरला, तोही वस्ती झाल्यानंतर कित्येक वर्षांनी. ह्यात कोणा एकाला दोषी ठरवून भागत नाही. रेल्वे, राज्य सरकार, पंचायत ह्यांपैकी स्टेशनाभोवतीच्या जमिनीला कोणीच आपला विषय मानले नव्हते.

कल्पना कोणत्या रोगावरची?

स्थानककेंद्री विकास ह्या शब्दाचा प्रसार अमेरिकेत झाला. पीटर कॅलथॉर्प ह्या वास्तुरचनाकाराचे पुस्तक १९९३ मध्ये आले. तेथील दुखणे असे होते की उपनगरे विरळ पसरली होती, प्रत्येक कामासाठी मोटार काढावी लागे आणि रेल्वेला पुरेसे प्रवासी मिळत नसत. म्हणून औषध होते दाटी. १९९७ मध्ये रॉबर्ट सेर्वेरो आणि कारा कॉकलमन ह्यांनी मोजमापाचे तीन निकष मांडले: दाटी, वापराची विविधता आणि रस्त्यांची रचना. गंमत अशी की आपल्याकडे ही कल्पना आली तेव्हा तीनपैकी पहिलाच निकष, तोही चटईक्षेत्राच्या रूपात, सर्वांच्या तोंडी बसला. ज्या शहरात दाटी आधीच आहे तेथे दाटीचे औषध देण्याआधी उरलेल्या दोन निकषांची तपासणी व्हायला हवी, असे आम्हांला वाटते. ही तपासणी शाळेतल्या गणितानेही करता येते. करून पाहू.

वर्तुळ, हिरा आणि अर्धा हिरा

सर्वसाधारण माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो. म्हणजे दहा मिनिटांत ८०० मीटर. धोरणकर्ते नकाशावर स्टेशनाला केंद्र धरून ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २०१ हेक्टर. पण माणूस पक्ष्यासारखा सरळ जात नाही, रस्त्याने जातो. रस्ते एकमेकांना काटकोनात असतील तर दहा मिनिटांत गाठता येणाऱ्या सर्व जागा जोडल्यावर वर्तुळ मिळत नाही, टोकावर उभा केलेला चौरस मिळतो. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारासारखा, म्हणून त्याला आपण हिरा म्हणू. त्याचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे १२८ हेक्टर. वर्तुळाच्या ६४ टक्के. छत्तीस टक्के जमीन केवळ रस्त्यांच्या भूमितीमुळे टप्प्याबाहेर गेली, आणि हे अगदी सरळ, उत्तम रस्ते धरून.

आता मिरा रोडचे स्टेशन घ्या. शहर बहुतांशी पूर्वेला आहे. पश्चिमेला मिठागरे आणि तिवरांची जमीन. तेव्हा हिऱ्याचा अर्धाच भाग वस्तीचा, ६४ हेक्टर. वर्तुळाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. भाईंदरला दोन्ही बाजूंना वस्ती आहे, पण उत्तरेला थोड्याच अंतरावर खाडी आहे. तिथे हिऱ्याचे एक टोक पाण्यात बुडते. शिवाय रूळ ओलांडायला पूल चढावा लागतो. चढ-उताराला दोन मिनिटे गेली असे धरले तर पलीकडच्या बाजूला चालायला आठच मिनिटे उरतात, म्हणजे ६४० मीटर. तेवढ्या अंतराच्या पुऱ्या हिऱ्याचे क्षेत्रफळ ८२ हेक्टर आणि पलीकडचा अर्धा भाग ४१ हेक्टर. दोन मिनिटांच्या जिन्याने २३ हेक्टर जमीन गिळली! गर्दीच्या वेळी पुलावर दोनाऐवजी चार मिनिटे लागली तर काय होईल, हे विद्यार्थ्यांनीच काढावे.

ह्या हिशेबातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. स्टेशनाजवळची एखादी भिंत पाडून पायवाट काढली, कुंपणबंद वसाहतीतून सार्वजनिक बोळ मिळाला, पुलाला आणखी एक जिना जोडला, तर एकही मजला न वाढवता स्टेशनाच्या टप्प्यातली घरे वाढतात. चटईक्षेत्र वाढवणे कागदावर सोपे असते. बोळ मिळवणे कठीण, कारण त्यासाठी कोणाशी तरी बोलावे लागते. हीच सरळ बोळांची तजवीज १९१५ च्या कायद्याने पार्ल्या-खारला आधीच करून ठेवली होती.

दाटीच्या आकड्याबद्दलही सावध असावे. शहराचे क्षेत्रफळ सुमारे ७९ चौरस किलोमीटर. २०११ ची लोकसंख्या त्याला भागली तर हेक्टरी शंभर माणसे येतात. हा आकडा मुंबईच्या मानाने अगदीच विरळ वाटतो. पण ह्या ७९ चौरस किलोमीटरांत उत्तनचे डोंगर, खाडीकाठची तिवरे, मिठागरे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग आहे. भागाकार बरोबर आहे, भाजक चुकीचा आहे.

गाडीत जागा आहे का?

समजा, मिरा रोडच्या त्या ६४ हेक्टरांपैकी निम्मी जमीन प्रत्यक्ष भूखंडांची आहे. चटईक्षेत्र निर्देशांक एक असेल तर ३ लाख २० हजार चौरस मीटर बांधकाम होईल. माणशी दहा चौरस मीटर धरले तर ३२ हजार रहिवासी. निर्देशांक चार केला तर १ लाख २८ हजार. म्हणजे ९६ हजारांची भर. ह्यांतला पाचातला एक जण सकाळच्या दोन तासांत दक्षिणेकडे जाणार असेल तर १९,२०० नवे प्रवासी झाले. हे आकडे गृहीतकांचे आहेत, पण गाडीची क्षमता गृहीत धरावी लागत नाही. नऊ डब्यांच्या गाडीत आरामात सुमारे १७०० माणसे मावतात आणि गर्दीच्या वेळी साडेचार हजारांहून अधिक कोंबली जातात. उभ्या जागेत दर चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसे. त्या प्रमाणात बारा डब्यांची गाडी धरली तर नव्या प्रवाशांना माणसासारखे न्यायला साडेआठ रिकाम्या गाड्या लागतील, कोंबून न्यायला तीन. आणि विरारहून येणारी गाडी रिकामी येत नाही. विरारच्या जलद गाडीत मिरा-भाईंदरच्या प्रवाशाला चढू न देण्याचे, चढलाच तर उतरू न देण्याचे प्रकार ह्या मार्गावर सर्वांना ठाऊक आहेत. त्याच्या मुळाशी हा भागाकार आहे. बोरिवली-विरार चौपदरीकरण २००७ मध्ये पूर्ण झाले. पाचवी-सहावी मार्गिका २०१९ मध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पात आली. दर वेळी रूळ वस्तीच्या मागून धावत आहेत.

ह्या कोड्याला दुसरीही बाजू आहे. सकाळी दक्षिणेकडे जाणारी गाडी फुटत असते तेव्हा उत्तरेकडे येणाऱ्या गाडीत बसायला जागा असते. गाडीची निम्मी क्षमता रोज वाया जाते. नवी मुंबईची आखणी करताना सिडकोने (स्थापना मार्च १९७०) ह्याचा विचार केला होता. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला, त्याच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भार सिडकोने उचलला, जमिनीच्या विक्रीतून तो भरून काढला, आणि वाशीच्या स्टेशनावरच कचेऱ्यांची इमारत उभी केली. तेथील स्टेशने आमच्या मते चालणाऱ्याच्या दृष्टीने फार ऐसपैस झाली आहेत. रिक्षा केल्याशिवाय अनेकांचे घर येत नाही. पण पैसा आणि रोजगार ह्यांचा धडा घ्यावा तो तेथूनच.

ल्युका बर्टोलिनी ह्या अभ्यासकाने १९९९ मध्ये हाच विचार एका आलेखात मांडला. प्रत्येक स्टेशनाला दोन गुण द्यायचे. एक ‘गाठ’ म्हणून, म्हणजे तेथून किती ठिकाणी, किती गाड्यांनी जाता येते. दुसरा ‘ठिकाण’ म्हणून, म्हणजे स्टेशनाभोवती किती आणि किती प्रकारची कामे चालतात. दोन्ही गुण बरोबरीने वाढले तर स्टेशन सुदृढ. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आणि लहान औद्योगिक गाळे आहेत. ही त्या शहराची मोठी जमेची बाजू आहे, आणि तिची फारशी दखल घेतली जात नाही. गाळा पाडून तेथे उंच निवासी इमारत झाली की दाटीचा आकडा वाढतो आणि ‘ठिकाणा’चा गुण घटतो. केवळ पहिल्या निकषाने पाहणारा ह्याला प्रगती म्हणेल.

चालून आलेला प्रयोग

आता शहरात मेट्रोची नववी मार्गिका येत आहे. दहिसर पूर्वेपासून निघालेला सुमारे साडेदहा किलोमीटरचा हा उन्नत मार्ग काशीगावावरून भाईंदर पश्चिमेच्या सुभाषचंद्र बोस मैदानापर्यंत आखलेला आहे. दहिसर-काशीगाव टप्प्याची चाचणी मे २०२५ मध्ये झाली. काशीमिरा हा महामार्गालगतचा भाग, रेल्वे स्टेशनापासून पायी न जाण्याइतका लांब. तेथील वस्ती रिक्षा, बस आणि दुचाकीच्या आधाराने वाढली. म्हणजे एकाच शहरात आपल्याला दोन जातींचे भाग मिळाले: स्टेशनापोटी जन्मलेला, आणि स्टेशन नंतर लाभलेला. शास्त्राच्या दृष्टीने अशी संधी क्वचित येते. मात्र एक विसंगती नमूद केली पाहिजे. मिरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रोच्याच खांबांवर, तिच्या खालच्या मजल्यावर, मोटारींसाठी उड्डाणपूल बांधले गेले आहेत. लोकांनी मोटार सोडावी म्हणून वरचा मजला आणि मोटारीला वेग यावा म्हणून खालचा. उद्या काशीगावात दुचाकी कमी झाल्या किंवा वाढल्या, तर श्रेय कोणत्या मजल्याला द्यायचे?

मूल्यमापनातल्या ह्या अडचणीचा आणखी एक प्रकार आहे, तो विज्ञानाच्या शिक्षकांना ओळखीचा वाटेल. स्टेशनाजवळ राहणारे लोक रेल्वेने अधिक जातात हे दिसले, तरी जवळ राहिल्यामुळे ते रेल्वेने जातात की रेल्वेने जायचे म्हणून त्यांनी जवळ घर घेतले, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला आधीची आणि नंतरची अशी दोन मोजमापे हवीत, आणि ज्या भागात मेट्रो गेली नाही तेथलीही हवीत, म्हणजे तुलना होईल. आधीचे मोजमाप राहून गेले तर ते नंतर कितीही पैसा खर्चून मिळत नाही. भाईंदरच्या पहिल्या पिढीचे ते राहूनच गेले. १९८० साली मिरा रोडहून किती माणसे पायी स्टेशनावर जात आणि त्यांना किती वेळ लागे, ह्याचा तपशील आपल्यापाशी असता तर वरचा अर्धा लेख गृहीतकांवर उभा करावा लागला नसता.

मिठागरांचेही तसेच. ८०० मीटरचे वर्तुळ मिरा रोडच्या पश्चिमेला यांत्रिकपणे काढले तर ते सरळ मिठागरांवर आणि तिवरांवर पडते, आणि नकाशावर ती ‘स्टेशनाजवळची मोकळी जमीन’ दिसू लागते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर भरतीचे व पावसाचे पाणी कोठे मावते हा प्रश्न मुंबई परिसरात गंभीरपणे विचारला जाऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तिवरांच्या तोडीला मनाई केली. ती जमीन रिकामी दिसते, पण भरतीच्या वेळी ती भरलेली असते.

मेट्रोचा परिणाम वस्तीवर दिसायला वर्षे लागतात, तेव्हा मोजायला अजून वेळ गेलेली नाही. मिरा-भाईंदरच्या शाळांना आठवी-नववीच्या मुलांकडून हे काम सहज करून घेता येईल. मुलांनी घरापासून जवळच्या स्टेशनापर्यंत रोजच्या रस्त्याने पावले मोजत जावे, दहा पावलांची लांबी मीटरपट्टीने काढून अंतर ठरवावे, आणि नकाशावरच्या सरळ अंतराने त्याला भागावे. काटकोनी रस्त्यांत हे गुणोत्तर जास्तीत जास्त १.४१ येईल. ते त्याहून पुष्कळ जास्त येईल तेथे भिंत, नाला किंवा कुंपण आडवे आहे असे समजून ते नकाशावर दाखवावे. दुसऱ्या गटाने स्टेशनाच्या एका जिन्यावर सकाळी पंधरा मिनिटे चढणारे आणि उतरणारे वेगवेगळे मोजावेत. तिसऱ्याने एका गल्लीतील तळमजल्यांची यादी करावी: घर, दुकान, दवाखाना, गाळा, बंद. काशीगाव आणि मेट्रो न पोहोचलेली एखादी वस्ती, उदाहरणार्थ राई-मुर्धे, ह्या दोन्ही ठिकाणी तीच पद्धत वापरावी आणि वह्या शाळेच्या कपाटात ठेवाव्यात. प्रत्येक पानावर तारीख, वार आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवावी. मंगळवारी सकाळी आठच्या मोजणीशी रविवारी दहाच्या मोजणीची तुलना होत नाही.